म्हसोबाच्या माळावरचा लाल ठिपका

गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तिथल्या म्हसोबापुढची रांग वाढेल, आणि ती आधीच पुरेशी लांब आहे. परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यात, वालूरच्या पुढे कापूस आणि सोयाबीनच्या मधून गेलेल्या रस्त्याच्या टोकाला ते आहे, एवढं पुरे. तिकडे फिरायला म्हणून कुणी जात नाही. मीही जुलाबांसाठी गेले होते. जाताना ते दुसऱ्यांचे होते, येताना माझे.

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत काम करते. आम्ही मोबाइलवरून साथी पकडतो. गावातली आशाताई, म्हणजे घरोघर फिरून कुणाला ताप आहे, कुणाला जुलाब आहेत हे बघणारी गावातलीच बाई, मोबाइलमध्ये एक फॉर्म भरते. तो पाठवला की आमच्या पडद्यावर नकाशात एक ठिपका उमटतो. एका जागी बरेच ठिपके जमले की ती जागा लाल होते आणि तालुक्याच्या डॉक्टरांना निरोप जातो. साथ पसरायच्या आत माणसं तिथे पोचावीत, अशी ही कल्पना. ती मला अजूनही चांगली वाटते.

या सगळ्यात दोन नियम माझे स्वतःचे आहेत. पहिला असा, की ठिपका कुठे पडायचा हे आशाताईने ठरवायचं नाही. फॉर्म पाठवताना मोबाइल जिथे असेल तिथे तो आपोआप पडेल. दुसरा असा, की आजाराची नोंद ज्या जागी झाली त्याच जागी रोग्याला समोर उभं करून, फोटो काढूनच तो बरा झाल्याचं लिहायचं. घरबसल्या कुणी खोटी माहिती भरू नये म्हणून हा बंदोबस्त. मीटिंगमध्ये या नियमांसाठी माझं कौतुक झालं होतं आणि त्या दिवशी मी घरी श्रीखंड नेलं होतं.

श्रावणात या गावाचा ठिपका लाल झाला आणि तीन आठवडे लालच राहिला. तो गावात नव्हता, गावाबाहेरच्या शेतात होता. शेजारी एक विहीर दिसत होती. डॉक्टरांनी त्या विहिरीत तीनदा पाणी शुद्ध करायची पावडर टाकून घेतली, तरी ठिपका मोठाच होत गेला. तेव्हा आमचे साहेब म्हणाले, "नियम तुमचे आहेत, तुम्हीच जाऊन बघून या."

मंगळवार, मानवत रोड

गाडीत मला झोप लागत नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले आहे. सेलू स्टेशन येऊन गेलं तेव्हा मी गाढ झोपले होते. जाग आली ती मानवत रोडला.

उतरले आणि चहाच्या गाड्यावर विचारलं, सेलूला परत कसं जायचं. चहावाल्याने किटली खाली ठेवली.

"सेलूला उतरायचं व्हतं व्हय? मग झोपलाव कामून?"

आमच्या पुण्यात चहावाला चहा देतो आणि तुमची चूक तुमच्यापाशीच राहू देतो. इथे पाच मिनिटांत चार माणसांनी माझी चूक वाटून घेतली. एकाने पिशवी उचलली, दुसऱ्याने काळी-पिवळी जीप थांबवली, तिसऱ्याने ड्रायव्हरला बजावलं, "बाईला सेलूला उतरीव, झोपल्या तर उठीव." पिशवी जड होती, कारण तिच्यात बारा बाटल्या पाणी होतं. साथीच्या गावात जाताना माणसाने शहाणपणानं वागावं, असं माझं मत होतं.

गावाच्या फाट्यावर आशाताई उभ्या होत्या. कौशल्याताई त्यांचं नाव. चाळिशीच्या, सडपातळ, खांद्याला कापडी पिशवी, हातात चपला. रात्री पाऊस होऊन गेला होता. त्यांनी नमस्कार केला आणि माझ्या पायांकडे पाहिलं.

"मॅडम, बूट काडा."

"का?"

"काळं रान हाय. तुमाला उचलायचे न्हाईत."

मी बूट काढले नाहीत. ते नवे होते, आणि ट्रेकिंगचे आहेत असं दुकानदार म्हणाला होता. ठिपक्याची जागा बघायची म्हणून आम्ही थेट शेतातून निघालो. परभणीची काळी माती पहिल्या दहा पावलांत बुटाला चिकटली, पुढच्या दहात त्या मातीला आणखी माती चिकटली. अर्ध्या वाटेत मी चांगली चार बोटं उंच झाले होते आणि एक पाय उचलला की दुसरा खाली जात होता. कौशल्याताई अनवाणी पायांनी पुढे जाऊन थांबायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. हे न बोलणं फार सौजन्याचं होतं.

मंगळवार, म्हसोबाचा माळ

गावाच्या वरच्या अंगाला एक उंचवटा, त्यावर एक बाभूळ आणि बाभळीखाली शेंदूर लावलेला म्हसोबाचा दगड. उताराला एक विहीर आणि गोठा. हाच आमचा लाल ठिपका. तिथे पंधरा-एक माणसं म्हसोबाकडे पाठ करून उभी होती. दगडापाशी एकच तरुण बाई होती आणि ती रडत रडत बोलत होती. मला वाटलं, कसलातरी विधी चालू आहे.

"मायेरी फोन करायलीय," कौशल्याताई म्हणाल्या. "गावात एक काडी रेंज येत न्हाई. फकस्त म्हसोबापाशी येती."

सगळं गाव फोनसाठी इथे येतं आणि त्याची एक शिस्त आहे. दगडापाशी एका वेळी एकानेच उभं राहायचं. बाकीच्यांनी दहा पावलांवर पाठ करून थांबायचं, म्हणजे बोलणाऱ्याला एकांत मिळतो. सासुरवाशिणीचा नंबर पहिला, मग बँकेचं काम, मग परीक्षेचे फॉर्म, आणि नुसत्या गप्पा मारणारे पुरुष सर्वांत शेवटी. पुण्यात माणसं बसमध्ये आपल्या घटस्फोटाबद्दल मोठ्याने बोलतात आणि आपण ऐकतो. इथे पंधरा माणसं माळावर ऊन सोसत पाठ करून उभी होती. मला त्यांचं कौतुक वाटलं.

नंबर आला तसा कौशल्याताईंनी मोबाइल काढला, दगडावर पिशवी ठेवली आणि दिवसभराच्या नोंदी एकेक करून पाठवायला सुरुवात केली. कासाबाई, जुलाब. पाठवलं. ठिपका म्हसोबावर. मारोतीची आई, जुलाब-उलटी. पाठवलं. ठिपका म्हसोबावर. माझा पहिला नियम माझ्या डोळ्यांसमोर काम करत होता.

"रोज इथूनच पाठवता?"

"दुसरीकडून जातच न्हाई."

मी काही म्हणणार तेवढ्यात बैलगाडी माळ चढून आली. गाडीत घोंगडी पांघरलेले एक म्हातारे होते, रंगनाथतात्या. दोन माणसांनी त्यांना उतरवून म्हसोबापुढे उभं केलं.

"तात्याला बरं होऊन चार दिस झाले," कौशल्याताई म्हणाल्या, "पर ठिपका हितं हाय. मंग बरं झाल्यालं लिव्हायला हितंच आनावं लागतंय. तात्या, सरळ उबं ऱ्हावा."

"बरा झालो का मी?" तात्यांनी विचारलं.

"थांबा, अजून गोल फिरायलंय." मग मोबाइल वाजला. "झालाव."

तात्यांनी घोंगडी काढली, म्हसोबाला नारळ फोडला आणि मला खोबरं दिलं. "सेलूच्या डाक्टरनं गोळ्या दिल्या," ते म्हणाले, "पर बरं ह्यानंच केलं." पडा कुठंही, बरं व्हायला म्हसोबालाच यावं लागतं, ही गोष्ट पंचक्रोशीत पसरली होती. बाजूच्या गावची दोन माणसं गुडघेदुखी घेऊन त्याच रांगेत उभी होती. माझा दुसरा नियमही काम करत होता.

विहिरीचे मालक बाबाराव उतारावरून चढून आले. साठीचे, पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी, हातात ताकाचा तांब्या. मी कोण ते कौशल्याताईंनी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं.

"मानसाला जुलाब लागल्यालं ऐकलं व्हतं," ते म्हणाले. "हिरीला लागल्याले तुमीच पैल्यांदा दाखवलाव."

पावडरीने विहिरीतले मासे मेले होते. गावात त्यांचं दूध घ्यायचं लोकांनी सोडलं होतं, कारण लाल ठिपक्याच्या शेतातलं दूध कोण पिणार? एवढं सांगूनही त्यांनी ताकाचा पेला माझ्यापुढे धरला. "घ्या. जगात जर्मनी, भारतात परभनी, आन परभनीत माजं ताक."

मी घेतलं नाही. इथे माझा स्वभाव सांगितला पाहिजे. माझी चूक मला दिसली की मी आधी तिच्यासाठी वकील शोधते. माळावर मी असा विचार केला: ठीक आहे, सगळे ठिपके इथे पडतात. पण इथे रोज इतकी माणसं येतात, याच विहिरीचं पाणी पितात, म्हणजे साथीचा उगम इथेच असणार. नकाशा चुकून का होईना, बरोबरच आहे. तेव्हा मी पिशवीतली बाटली काढून प्यायले आणि बाबारावांचा पेला तसाच त्यांच्या हातात राहिला. तो पेला कौशल्याताईंनी घेतला आणि दुसराही मागून घेतला.

बुधवार, खालची गल्ली

माझा मुक्काम कौशल्याताईंच्या घरी होता. सकाळी नाश्त्याला सुशीला होती. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन, वर दाण्याचं कूट आणि कोथिंबीर घालून करतात तो हा पदार्थ. आमच्याकडे पोह्यांबद्दल फार अभिमान आहे. तो मी दोन बशा सुशीला खाऊन थोडा कमी केला. पाण्याच्या बाटल्या मात्र कमी झाल्या होत्या, कारण संध्याकाळी बूट धुण्यात सहा गेल्या.

नाश्ता झाल्यावर कौशल्याताईंनी ज्वारीच्या कोठीमागून एक वही काढली. कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर, आत प्रत्येक पानावर एक गल्ली, गल्लीत घरं, घरावर मालकाचं नाव. आजारी घराभोवती लाल पेनने गोल केलेला. वरच्या गल्लीच्या पानावर एक गोल होता, मधल्या गल्लीत दोन. खालच्या गल्लीचं पान लालेलाल होतं.

"ही वही बंद करायला सांगितली होती ना?" मी म्हणाले. मोबाइल आल्यावर वह्या ठेवायच्या नाहीत, ही सूचनाही आमच्याच ऑफिसातून गेली होती.

"व्हय. म्हनून कोठीमागं ठिवते."

मग त्यांनी सांगितलं. खालच्या गल्लीच्या तोंडाशी नळाचं पाणी सोडायचा वॉल आहे, तो खड्ड्यात आहे, आणि पावसाळा लागल्यापासून त्या खड्ड्यात नालीचं पाणी भरलेलं असतं. रखमाबाईंची दोन वर्षांची नात चार दिवस सेलूला सलाइनवर होती. "मी डाक्टरसायबाला दोन डाव सांगितलं. ते मनले, बाई, नकाशात तुमच्या खालच्या गल्लीला एकबी ठिपका न्हाई. परवा म्हालक्ष्म्या येतेत. समद्या लेकी येतील, पाव्हणे येतील. ह्याच नळाचं पानी पितील आन दुखनं आपापल्या गावाला घिऊन जातील. त्याच्या आदी कायतरी करा, मॅडम."

आमच्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्यांना तिकडे महालक्ष्म्या म्हणतात, आणि त्या दिवसांत घरात पाय ठेवायला जागा नसते. कौशल्याताई आवाज न चढवता सांगत होत्या. मी शिक्षिकेच्या सुरात त्यांना समजावलं, की वहीतले गोल माणूस काढतो, त्यात चूक होऊ शकते. नकाशात ठिपका आपोआप पडतो. त्यांनी वही मिटली.

तरी गल्ली बघायला आम्ही गेलो. भाद्रपदातलं ऊन फार कडक असतं आणि मी सोबत घेतलेली बाटली दोन घरांतच संपली. रखमाबाईंच्या ओसरीवर टेकले तेव्हा घसा कोरडा पडला होता. त्यांनी गुळाचा खडा आणि नळाच्या पाण्याचा गच्च भरलेला तांब्या पुढे ठेवला. कौशल्याताईंनी त्यांच्या मागे उभं राहून मान हलवली. नको म्हणून. मी ते पाहिलं. पण ज्या नकाशावर माझं नाव आहे, त्याच्यावर मीच विश्वास ठेवला नाही तर कोण ठेवणार?

"नकाशावर ही गल्ली स्वच्छ आहे," मी म्हणाले आणि तांब्या घटाघट रिकामा केला.

हे वाक्य नंतर मला त्या गावात बऱ्याच जणांनी म्हणून दाखवलं.

गुरुवार, खाट

गुरुवारी पहाटेपासून काय झालं ते सविस्तर सांगत नाही. कौशल्याताईंच्या परसात संडास आहे, दाराला आतून कडी आहे आणि त्या कडीचा आवाज शेजारच्या तीन घरांत जातो. सकाळी आठपर्यंत गावाला माझा हिशोब माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. पुण्यात 'जरा पोट बिघडलंय' म्हटलं की लोक विषय बदलतात. इथे येणारी प्रत्येक बाई खाटेशेजारी बसायची आणि विचारायची, "किती डाव?" मी आकडा सांगायचे. ती तो ऐकून, आपल्या जावेला सांगायला, उठून जायची.

कौशल्याताईंनी जलसंजीवनीची पुडी पाण्यात कालवून तांब्या उशाशी ठेवला. बघा, मी सांगितलं होतं, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर दहा वेळा म्हणाले असते. त्यांनी वहीत लिहिलं, मग मोबाइलच्या फॉर्मसाठी माझं वय विचारलं. मी दोन वर्षं कमी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तेव्हा खरं सांगितलं. फॉर्म पाठवायला त्या माळावर गेल्या आणि तासाभराने आल्या.

"तुमचा ठिपका पडला," त्या म्हणाल्या. "म्हसोबावर."

त्यांच्या मागे बाबाराव होते. ते उंबऱ्यातच बसले.

"डाक्टरसायबाचा फोन आलता," कौशल्याताई म्हणाल्या. "मनले, पुन्याच्या बाई बी त्याच ठिपक्यात पडल्या. म्हंजे हीरच. दुपारी चौथ्यांदा पावडर टाकायला मानसं पाठवायलेत."

बाबाराव माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ज्या विहिरीचा एक थेंब मी प्यायले नाही, तिच्यावर माझा आजार लिहिला गेला होता. ज्या गल्लीचा अख्खा तांब्या मी प्यायले, ती नकाशावर स्वच्छ होती. उद्या महालक्ष्म्या येणार होत्या. मला लाज वाटली, आणि ती जुलाबांची नव्हती.

"मला माळावर न्या," मी म्हणाले.

बाबारावांनी आपली गाडी जुंपली. खाली सोयाबीनचं भुसकट, वर गोधडी, तिच्यावर मी. वाटेत गाडी दोनदा थांबवावी लागली, दोन्ही वेळा बाबारावांच्याच शेतापाशी. त्यांनी बैलांकडे तोंड करून मोठ्याने भजन म्हटलं, म्हणजे मला संकोच वाटू नये.

माळावर सणाची रांग होती. उद्या कोणत्या गाडीने येता, हे विचारायला निम्मं गाव जमलं होतं. दगडापाशी जिचा नंबर होता त्या सासुरवाशिणीने मला गाडीतून उतरताना पाहिलं आणि ती बाजूला झाली.

"बाईला पैलं बोलू द्या," बाबाराव रांगेला म्हणाले. "त्यांना थांबवंना."

सगळ्यांनी पाठ केली. मी म्हसोबाला एका हाताने धरून उभी राहिले आणि आमच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, अहवालात लिहा, महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये बघू. मी म्हणाले, "महिनाअखेरला उशीर होईल. ठिपका चुकीचा आहे. नियम माझा होता आणि चूकही माझी आहे. विहिरीला काही झालेलं नाही. दुखणं खालच्या गल्लीत आहे. ते एका वहीत तीन आठवड्यांपासून लिहिलेलं आहे, आणि ती वही आपण बंद करायला सांगितली." साहेब म्हणाले, एका वहीवरून आपल्याला सगळी यंत्रणा चुकीची म्हणता येणार नाही. मी फोन ठेवला आणि तालुक्याच्या डॉक्टरांना लावला.

"पण मॅडम, नकाशा तर..." ते म्हणाले.

"डॉक्टर, नकाशा मी काढलाय. त्या गल्लीतलं पाणी मी काल प्यायले. आता मी किती वेळ उभी राहू शकेन याची खात्री नाही, तेव्हा तुम्ही काय ते लवकर ठरवा."

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. माझ्या नकाशावर त्यांनी माझ्यापेक्षाही जास्त विश्वास ठेवला होता, एवढंच. मग त्यांनी विचारलं, "कौशल्याताई आहेत का तिथे? वही आहे का त्यांच्याजवळ?"

कौशल्याताईंनी पिशवीतून वही काढली आणि फोन कानाला न लावता तोंडासमोर धरून, शाळेत कविता म्हणावी तशा खणखणीत आवाजात, खालच्या गल्लीतलं एकेक घर वाचलं. रखमाबाई, दोघं. कासाबाई, एक. मारोतीचं घर, तिघं. आमच्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसांपैकी एकही वळला नाही. फक्त ज्याचं नाव येई त्याची मान किंचित हले. वाचन संपलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पावडरवाली माणसं निघालीत. त्यांना वॉलच्या खड्ड्याकडे न्या. मीही येतो."

मी मटकन खाली बसले. बाबाराव जवळ आले.

"आमी काय बी ऐकलं न्हाई," ते म्हणाले. "पर ते तुमचे पैले सायब चुकीचं बोलायलते."

दुपारी जीप आली. खड्ड्यातलं पाणी उपसल्यावर दिसलं, की वॉलच्या जोडाला कुणीतरी कधीकाळी गोणपाट बांधलं होतं आणि ते कुजून काळं झालं होतं. खालच्या गल्लीचा नळ बंद झाला, टँकर आला, आणि शुक्रवारी संध्याकाळी महालक्ष्म्या हळदी-कुंकवाच्या पावलांवरून घरात आल्या तेव्हा नवा जोड बसला होता. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चुलीचुलीवर पाण्याची पातेली उकळत होती. उकळलेल्या पाण्याला चव नसते, अशी तक्रार पाहुण्यांसकट सगळ्यांनी केली.

शनिवार, महालक्ष्म्यांचं जेवण

आमच्या घरी गौरी म्हणजे नदीकाठचे पाच खडे. रुमालात मावतात. कौशल्याताईंकडे दोन महालक्ष्म्या माणसाएवढ्या उभ्या होत्या, नेसवलेल्या, नटवलेल्या, पुढ्यात त्यांची बाळं. जेवायला पुरणपोळी, कटाची आमटी, आंबील, सोळा भाज्या, भजी, कोशिंबिरी आणि तीन तऱ्हांच्या चटण्या होत्या. हे मला पंगतीतून कळलं. माझ्या ताटात तांदळाची पेज होती. प्रत्येक पदार्थ माझ्यासमोर येई, वाढणारी थांबे, कौशल्याताई मान हलवत, आणि तो पुढे जाई. त्या मानेचं मी आता ऐकत होते.

रखमाबाई नातीला कडेवर घेऊन आल्या. पोर वाळली होती, पण पुरणाच्या वाटीत हात घालण्याइतकी हुशारी तिला आली होती. तिच्याकडे बघताना मला भरून आलं आणि पेज थोडी खारट लागली. शेवटी बाबाराव तांब्या घेऊन आले. डॉक्टरांनी ताकाला हरकत घेतली नव्हती. मी दोन पेले प्यायले. परभणीबद्दल ते जे म्हणाले होते त्याची खात्री मला देता येणार नाही, ताकाबद्दल मात्र ते खरं बोलले होते.

रविवारी निघाले. फाट्यापर्यंत मी बूट हातात घेऊन चालले.

पुणे

पहिला नियम मी आल्या आल्या बदलला. आता आशाताईला गल्ली आणि घर हाताने निवडता येतं, मग फॉर्म कुठूनही पाठवा. साहेब आठवडाभर माझ्याशी तुटक बोलले, पण सही केली. जुन्या नोंदी कौशल्याताईंनी चार संध्याकाळी माळावरून वहीतून वाचून दाखवल्या आणि मी त्या एकेक करून ज्याच्या त्याच्या घरी नेऊन ठेवल्या. बाबारावांच्या विहिरीवरचा लाल डाग निघाला. त्यांचं दूध पुन्हा गावात जायला लागलं आहे. गुडघेदुखीवाले मात्र म्हसोबाकडे येतच आहेत, त्याला माझा इलाज नाही.

माझा ठिपकाही हलला. कौशल्याताईंनी तो आपल्या घरावर नेला. घर निवडलं की फॉर्म विचारतो, कुटुंबप्रमुखाशी नातं काय. आम्ही तिथे बायको, मुलगा, सून अशी यादी दिली आहे. त्यांनी 'इतर' वर बोट ठेवलं आणि पुढच्या रकान्यात लिहिलं, माहेरवाशीण.

बरं झालेल्यांचे फोटो त्यांच्या घरी काढून माळावरून पाठवता पाठवता हळूहळू त्या गावचे सगळे ठिपके हिरवे झाले. एक राहिला. पंधरा दिवसांनी मी कौशल्याताईंना फोन केला. मागे म्हसोबाच्या माळावरचं वारं ऐकू येत होतं.

"ताई, मी केव्हाच बरी झाले. तेवढी नोंद बंद करून टाका."

"तसं कसं करता येईल?" त्या म्हणाल्या. "रोगी त्याच जागी समोर उबा पायजे, फोटो काडाया पायजे. नियम तुमचाच हाय."

दर सोमवारी मीटिंगमध्ये साहेब पडद्याकडे बोट दाखवून विचारतात, परभणीतला हा एक रोगी अजून बरा का होत नाही. मी म्हणते, पाठपुरावा चालू आहे. दुसरा नियम बदलायला मला दोन मिनिटं लागतील. मी तो बदललेला नाही. पुढच्या भाद्रपदात महालक्ष्म्या बसतील तेव्हाचं सेलूचं तिकीट काढणार आहे. तोवर, सरकारदरबारी, मी आजारी आहे.